दहाच्या भोकाला सहाचा पंखा

४ मार्च

पंखा मेला. बाथरूमच्या एक्झॉस्टने सकाळी शेवटची घरघर केली, जळका वास आला आणि संपलं. वर्षभर खडखडत होता, वर्षभर मी सांगत होते. ह्यांचं आपलं एकच – "कुठे आवाज येतोय?" पालथ्या घड्यावर पाणी! आता आरशावर वाफ, टॉवेलला कुबट वास आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी. संध्याकाळी हे छपाईच्या प्रेसमधून आले, वर बघितलं आणि म्हणाले, "बंद पडला वाटतं."

वाटतं!

५ मार्च

"बघू" म्हणाले. ह्यांच्या बघूला नातवंडं होतात.

८ मार्च, शनिवार

नवल घडलं. हे आपणहून स्टुलावर चढले. जुना पंखा उतरवला. पात्यांवर इतकी काजळी की माझ्या दोन फडक्यांचा जीव गेला. मग माझी टेप घेतली – शिवणाची, जिला मी लेकीलाही हात लावू देत नाही – मापं घेतली आणि थेट दुकानात. तासाभरात नवा पंखा घेऊन आले. पांढराशुभ्र, मागे छोट्या झडपा. मी खुशीत दुसऱ्यांदा चहा ठेवला.

लावायला गेले तर काय? भोक दहा इंचांचं, पंखा सहाचा! भोक मोजायचं सोडून ह्यांनी एक पातं मोजलं, त्याची दुप्पट केली आणि मधला गोळा विसरले. बापाचा शर्ट पोराला घातल्यासारखा तो पंखा त्या भोकात लटकत राहिला. मी अशी बाही कापली असती तर गिऱ्हाइकाने कात्री माझ्यावरच चालवली असती. मी हसले. हे हसले नाहीत.

दुकानदार परत घेईना, खोका फाडलाय म्हणे. तूर्त भोकाला पुठ्ठा लावलाय, चिकटपट्टीने.

९ मार्च, रविवार

माझा पंखा खालच्या बाईच्या भिंतीत बसला!

रागाने अक्षर वाकडं येतंय. खालची म्हणजे आमच्या बरोबर खालच्या घरात चार महिन्यांपूर्वी आलेली. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. एकटीच राहते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल, केस पांढरे आणि रंगवतही नाही. तरी छान दिसते. तेच तर खुपतं. तरुण असती तर म्हटलं असतं, पुरुषाची जात. पण हिच्यात काय बघितलं म्हणायचं?

झालं असं की सकाळी हे तो खोका घेऊन जिना उतरत होते, दुकानदाराला पुन्हा गाठायला. वाटेत ही भेटली. हिचाही पंखा अडकलाय आणि हिचं भोक नेमकं सहाचं! झालं. तासाभराने हे घरी आले ते हत्यारांची पेटी न्यायला. आमच्या बुरशीला वर्ष लागलं, तिला एक तास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"पैसे दिले तिने," म्हणाले. जसं काही मी पैशांसाठी रडतेय.

११ मार्च

आज पुन्हा खाली. झडपा नीट उघडत नाहीत म्हणे. झडपाच त्या, सागवानी दरवाजे नव्हेत! पाऊण तास गेला त्यात. जाताना कपडे बदलले. प्रेसमधून आल्यावर ज्या शर्टात जेवायला बसतात, त्याच शर्टात कुणाची झडप दुरुस्त करायला काय होतं?

१२ मार्च

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तर चक्क भोक आहे.

मी अंघोळीला गेले तेव्हा वाफेने पुठ्ठ्याचा एक कोपरा सुटलेला. तिथून हसणं ऐकू आलं. सगळ्या बाथरूमचे पंखे ज्या अरुंद डक्टमध्ये उघडतात ना, त्यातून खालचं सगळं वर येतं. पूर्वी पंखा खडखडायचा म्हणून कळलं नाही. आता खालचा शब्द अन् शब्द येतो, कारण ती बोलतेच तशी – वर्गातल्या शेवटच्या बाकाला सांगत असल्यासारखी, मोठ्याने आणि सुटं सुटं.

आणि हसत होते ते हे. मी ओळखलंच नाही आधी. वाटलं कोण पाहुणा आलाय खाली. मग लक्षात आलं, ही आपल्या नवऱ्याची खळखळ आहे, फक्त फार दिवसांत ऐकलेली नाही. मी डोक्यावर साबण घेऊन तशीच उभी राहिले. पाणी गार झालं.

१३ मार्च

जेवताना मुद्दाम विषय काढला. गॅसपाशी उभी राहून म्हटलं, "खालच्या बाई फार विनोदी दिसतात." भाजी वाढायला वळले तर हे ताटात बघून जेवतायत. पुन्हा म्हटलं नाही. माझीही काही इभ्रत आहे.

१५ मार्च, शनिवार

तीन वाजता हे खाली गेले (स्विचचा खटका ढिला!) आणि मी बाथरूममध्ये. धुण्याची बादली उलटी घालून बसले, पुठ्ठ्याचा कोपरा अलगद सोडवला.

त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. शिकाऊ उमेदवारीच्या दिवसांत प्रेसमध्ये एका व्याख्यानाची पाचशे पत्रकं छापली, त्यात वक्त्याच्या फोटोखाली अध्यक्षांचं नाव आणि अध्यक्षांच्या फोटोखाली वक्त्याचं. मालक आला, बघितलं, आणि म्हणाला, "खुर्च्या बदला, पत्रकं राहू द्या." ती खूप हसली. छान गोष्ट आहे. मीही हसले असते.

पण मला कधी सांगितली नाही! सव्वीस वर्षांचा संसार, आणि माझ्या वाट्याला "मीठ कमी आहे" आणि "दार लावून घे". गोष्टी सगळ्या खाली. मत्सर म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं. आता बादलीवर बसून कळलं.

१६ मार्च, रविवार

आज हे दहाचा पंखा घेऊन आले. ह्या वेळी भोक मोजून. "चल, लावून टाकू."

मी नको म्हटलं.

हो, मी! जिने वर्षभर घसा कोरडा केला तीच. म्हटलं, हा पंखा फार मोठा दिसतो. म्हटलं, ह्याचा रंग टाइल्सला शोभत नाही. म्हटलं, आज गिऱ्हाइकाचे चार पडदे द्यायचेत, भिंतीची धूळ कपड्यांवर उडेल. हे माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच माझी कीव आली. पण पंखा लागला की भोक बुजलं. भोक बुजलं की मला काय कळणार?

खोका पलंगाखाली सरकवला. छतावरची बुरशी आता दाराच्या चौकटीपर्यंत आलीय. येऊ दे.

१८ मार्च

चार पडद्यांपैकी दोन उलटे शिवले. उसवत बसलेय.

१९ मार्च, बुधवार

आज भोकातून ऐकलेलं लिहून टाकते. नाहीतर डोक्यात किडे पडतील.

ती : "बायकोला सांगितलंत?"

हे : "नाही अजून."

ती : "किती दिवस लपवणार? आज ना उद्या त्यांना कळणारच. तुमच्या तोंडून कळू द्या."

हे : "धीर होत नाही हो. ती कसं घेईल..."

ती : "घेतील. तुम्ही समजता तेवढ्या त्या कच्च्या नाहीत."

मग पाण्याचा आवाज. मग काही नाही.

मलाच दाखला देतेय ती! मी कच्ची नाही म्हणे. जिचं घर फोडायचं तिच्याच पाठीवर हात. मी बादलीवरून उठले तर पायांना मुंग्या आलेल्या, भिंत धरून बाहेर आले.

२० मार्च

जेवले नाही. त्यांनी विचारलं, "बरं नाही का?" हो म्हटलं.

२१ मार्च

लेकीचा फोन. माझा आवाज ऐकूनच ओळखलं तिने. थोडं सांगितलं, सगळं नाही. "आई, तू ना, बादलीवर बसून पुरावे गोळा करण्यापेक्षा बाबांना समोर बसवून विचार," म्हणाली. शहाणी आहे. आमच्यात समोर बसवून कुणी कुणाला विचारत नाही, हे तिला अजून माहीत नाही. नवीन लग्न आहे.

तरी दिवसभर मनात हिशेब चालू आहे. हे गेले तर मी कुठे? ह्या घरातच राहीन. पण जिन्यात रोज समोर येतील की! वर मी, खाली ते दोघं, आणि मधे तो डक्ट. मी अंघोळ करायची की त्यांचं हसणं ऐकायचं?

आरशात नीट बघितलं स्वतःला. वाफेमुळे अर्धीच दिसले. तेवढी पुरे झाली.

२२ मार्च, शनिवार

आज मीच खाली गेले. "पंखा कसा दिसतो बघू," म्हटलं. निमित्त फार वाईट नव्हतं, तो माझाच पंखा आहे.

घर नीटनेटकं. बाथरूम कोरडं ठणठणीत, आरसा लख्ख. तिने स्विच दाबला, झडपा उघडल्या, पंखा भुर्र फिरला. अगदी व्यवस्थित बसवलाय. चारही स्क्रू सारखे, फटीला पांढरं सिमेंट बोटाने गुळगुळीत केलेलं. माझ्या घरात खिळाही वाकडा मारतात. डोळ्यांत पाणी आलं ते मी धुळीवर ढकललं. त्या बाथरूममध्ये धुळीचा कण नव्हता!

ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो. सगळं."

कशाला बोलले असं? तिच्यापुढे कमी पडायचं नव्हतं, एवढंच. नवऱ्याची गोष्ट तिला माहीत आणि मला नाही, हे तिला दिसू द्यायचं नव्हतं.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सुटले बाई! मला फार ओझं झालं होतं त्याचं. तुम्ही इतक्या शांतपणे घेतलंत, आता पुढचं सोपं आहे." आणि माझा हात हातात घेतला. मी काढून घेतला नाही. वर येऊन मात्र साबणाने धुतला.

पुढचं म्हणजे काय ते मला विचारता येईना. स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड शिवून घेतलं मी, तेही दुहेरी टाक्याने.

२३ मार्च, रविवार

हे न विचारता दहाचा पंखा काढून स्टुलावर चढले. मी अडवलं नाही. ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

मी दारात उभी. ह्यांची पाठ माझ्याकडे. ड्रिलने छिद्रं पाडून झाली, पंखा भोकात चपखल बसला, दोन स्क्रू लागले. फिरतोय का बघायला चालू केला तो घुमायला लागला, मोठा आहे ना. आणि मी बोलले. समोर बसवून नाही, पाठीशी बोलले. तोंड बघून मला जमलंच नसतं.

म्हटलं, "तुम्हाला जायचं असेल तर जा. मी आडवी येणार नाही. पण लपवून जाऊ नका, मला सांगून जा. मी तुम्हाला कंटाळवाणी झाले असेन, पण मला तुम्ही अजून हवे आहात. एवढंच."

सगळं एका दमात. उभ्या आयुष्यात इतकं कधी बोलले नव्हते.

हे वळले नाहीत. तिसरा स्क्रू पिळत होते, तो पूर्ण पिळला. मग हात मागे केला आणि म्हणाले, "तो स्टारचा स्क्रू ड्रायव्हर दे गं."

मी दिला.

एवढा कठोर माणूस आहे हा? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी माझं काळीज काढून ठेवलं आणि ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. संपलं. उद्या लेकीकडे जाते. पिशवी भरली आहे. पंखा मात्र झकास चाललाय, आरसा अगदी कोरडा.

२४ मार्च, सोमवार

ह्यांना ऐकू येत नाही.

उजवा कान पूर्ण गेलाय, डावा निम्मा. प्रेसच्या मशीनने. दोन वर्षं झाली. पिशवी बघून हे बोलले, दारातच, जमिनीकडे बघत. खालच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, त्यांनी वर्गात अशी मुलं बघितलीत. कानाचं मशीन लावून घ्यायला डॉक्टरांकडे त्याच नेणार होत्या. मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "लक्ष नसतं म्हणून तू रागवायचीस ते चालायचं गं. कीव नसती चालली."

मी पलंगावर त्यांच्या उजव्या बाजूला झोपते. मनातलं जे काही बोलते ते दिवा घालवल्यावर तिथूनच बोलते.

मग त्यांनी विचारलं, "काल मी स्टुलावर असताना तू काहीतरी म्हणालीस. आरशात तुझं तोंड हललेलं दिसलं. काय म्हणालीस?"

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.