श्टेकलरांचा गेऑर्ग

३ एप्रिल २०२४, वाल्डॉर्फ

सापडला! योहान गेऑर्ग श्टेकलर, बाप्तिस्मा फेब्रुवारी १८२६. आईबापांची नावं तंतोतंत जुळली. आणि नावाशेजारी पाद्र्याने नंतर काढलेला छोटा क्रूस. म्हणजे गेला. मृत्यूच्या वहीतही आहे. वय दोन वर्षं, गोवर.

पंचाईत अशी की हाच गेऑर्ग १८५६ साली अमेरिकेत नेब्रास्काला पोचला, त्या माळावरचं पहिलं घर त्याने बांधलं, आणि त्याला अकरा मुलं झाली. निदान त्याची पणती विल्मा श्टेकलर तसं म्हणते. बाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. पणजोबांचं मूळ शोधायला त्यांनी मला सांगितलंय. थडग्यावर जन्मसाल नाही, फक्त आईबापांची नावं.

माझं पहिलं स्वतंत्र काम. पुण्यात मोडी वाचायचे, इथे जर्मनीत येऊन कुरेन्ट शिकले, म्हणजे इथली जुनी हातलिपी. कारकुनांचं अक्षर दोन्हीकडे सारखंच वाईट.

५ एप्रिल

दोन वर्षांचं मेलेलं पोर नेब्रास्काला जात नाही. मग गेला तो कोण? मोडी कागदांत तोतये पुष्कळ भेटले होते, त्यामुळे मला फार विचार करावा लागला नाही. तोतया!

सासूबाई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्यात. त्यांना सांगितलं. ‘बाई गं! मेल्याने नाव चोरलं होय?’ त्यांना एकदम पटलं. मला तेवढं पुरलं.

८ एप्रिल

अहवाल पाठवला. स्वच्छ तीन पानं. क्रूसाचा फोटो जोडला. शेवटी लिहिलं — तुमचे पणजोबा योहान गेऑर्ग श्टेकलर नव्हते. ठळक अक्षरांत! ठळक कशाला, देव जाणे.

९ एप्रिल

विल्माबाईंचं उत्तर एका ओळीचं. ‘तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.’

१७ एप्रिल

त्यांची दुसरी मेल. १५ जूनला त्यांच्या नेब्रास्कातल्या गावात पणजोबांच्या नावाचा दगड बसवायचा होता. एकशेचाळीस श्टेकलर जमणार होते. दगड करणाऱ्याला त्यांनी थांबवलंय. त्यांचा पुतण्या म्हणतो, मला आधीपासून संशय होता. (याला कुणी विचारलं होतं?)

शेवटी लिहितात, ‘त्यांचं खरं नाव कळलं तर सांगा. माझ्याकडे फार वेळ नाही.’

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. भात दोनदा करपला. तिसऱ्यांदा सासूबाईंनीच लावला.

२ मे

परत श्टेकलरांच्या इथल्या मूळ गावच्या फारआम्टमध्ये गेले, म्हणजे चर्चच्या कचेरीत. तिथल्या जुन्या वह्या हेर बेंडर, म्हणजे बेंडरसाहेब, सांभाळतात. निवृत्त पोस्टमास्तर, ब्रेत्सेल, म्हणजे इथला पिळाचा खारा पाव, खात बसलेले. त्यांना तोतयाची सगळी कथा सांगितली. साक्षीपुराव्यासकट, वीस मिनिटं.

त्यांनी हात पुसले, १८२६ चं पान काढलं, बघितलं, आणि पुढची पानं उलटायला लागले. नोव्हेंबर १८२८. योहान गेऑर्ग श्टेकलर, तेच आईबाप. शेजारी क्रूस. आणखी पानं. मार्च १८३१. योहान गेऑर्ग श्टेकलर, तेच आईबाप. क्रूस नाही.

‘आल्झो. म्हणजे हा गेला अमेरिकेला.’

मी विचारलं, गेलेल्या मुलाचं नाव पुन्हा ठेवलं? दोनदा?

‘गेनाऊ. अगदी बरोबर. आजोबांचं नाव होतं. ते घरात राहायला हवं ना, फ्राऊ जोग?’ आणि उरलेलं ब्रेत्सेल उचललं. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं.

३ मे

पानं उलटली नाहीत. एवढंच माझ्याकडून झालं नाही.

४ मे

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

‘शिव शिव! गेलेल्याचं नाव? अगं, आमच्या चुलतसासऱ्यांच्या आधी दोन गेले, तर तिसऱ्याचं नाव धोंडो ठेवलं. काळाने ढुंकून बघू नये म्हणून. आणि यांनी तेच नाव परत मांडलं त्याच्यापुढे?’

तेच तर. मलाही असंच वाटत होतं, म्हणूनच मी पहिल्या क्रूसाशी थांबले. इथे राहून नऊ वर्षं झाली, जर्मन येतं, कुरेन्ट येतं, आणि तरी लोकांच्या पोरांची नावं मी आमच्या पद्धतीने वाचत होते. लाज वाटते.

आता कळवायला हवं. उल्हास म्हणतो, ‘माझी चूक असं लिहू नकोस. नवीन माहिती समोर आली आहे असं लिही.’ एकवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नवरा! लेक ईप्सिता म्हणाली, ‘एन्टशुल्डिगुंग, फेर्टिश.’ सॉरी म्हण आणि मोकळी हो. चौदा वर्षांची आहे. तिला सगळं सोपं.

६ मे

लिहिलं. ‘माझी चूक झाली. तुमचे पणजोबा योहान गेऑर्ग श्टेकलरच होते, त्या घरातले तिसरे. आधीचे दोघे लहानपणीच गेले. दगड थांबवायला मी भाग पाडलं, त्याबद्दल क्षमा मागते.’ तिन्ही नोंदींचे फोटो जोडले. ठळक काहीही केलं नाही.

१२ मे

उत्तर नाही.

१९ मे

उत्तर नाही. सत्त्याऐंशी वय. नको ते मनात येतं. जूनला राहिलेत किती दिवस, आणि मी त्यांचा महिना तोतयापायी घालवला. सासूबाई रोज सकाळी विचारतात, ‘आलं का गं त्या बाईंचं?’ मी नाही म्हणते. मग आम्ही दोघी चहा घेतो.

२३ मे

आलं! चुकीबद्दल एक अक्षर नाही. दगडावर तिन्ही गेऑर्ग कोरायला सांगितलेत, तारखांसकट. आणि पुढे लिहितात, ‘मीसुद्धा दुसरी आहे. पहिली विल्मा चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली, पुढच्या वर्षी मी झाले. हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. आईने पहिली हाक मारली की मी ओ द्यायचे नाही. ती तिची. दुसऱ्या हाकेला जायचे. हट्टी म्हणून मार खायचे.’