फुलपाखरांसाठी अळीमुक्त लिंबू

४ मार्च
हिच्या पायाचं प्लास्टर निघालं, पण जिने अजून बंद. दिवसभर खिडकीशी बसते. खाली बागेत लिंबाचं झाड आहे. आज म्हणाली, यंदा फुलपाखरं दिसत नाहीत हो. पडल्यापासून गोळ्यांच्या वेळा सोडून पहिल्यांदाच काही बोलली. मी बघतो म्हणालो.

५ मार्च, सकाळ
बघितलं. कारण उघड आहे. बागेतली फवारणी. मोहीम हाती घ्यायची. रिटायर झाल्यापासून कशाचंच काही वाटेनासं झालंय, ते आता वाटू लागेल. संघटनेचं नाव 'फुलपाखरू बचाव'. अध्यक्ष मी. बाकीची पदं रिकामी ठेवलीत, लोक मागाहून येतील.

९ मार्च
घरोघर जाऊन सह्या घ्यायचं ठरलं होतं. ऊन फार. बिल्डिंगच्या ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला. दोन अंगठे आले. एक माझाच, चुकून दाबला गेला. दुसरा सेक्रेटरींचा. ते सगळ्यालाच देतात, परवा पाणी बंद झालं तेव्हाही दिला होता.

१४ मार्च
आज फवारणीवाला येणार. झाडासमोर आडवं पडण्याचा निर्धार. कंबरेमुळे उभं राहण्यावर आणला.

१४ मार्च, दुपार
उभा राहिलो. तो म्हणाला, काका, जरा हा पंप धरता का, नोझल तुंबलंय. धरला. माणूस सभ्य आहे. फवारून गेला. हिला सांगितलं, बोलणी सुरू आहेत.

२२ मार्च
मीटिंगमध्ये बोललो. सेक्रेटरी म्हणाले, अळ्या पानं खातात म्हणून फवारतो, आम्हाला काय हौस आहे? मी बाणेदारपणे म्हणालो, अळ्या मी हाताने वेचीन, पण विष नको. टाळ्या नाहीत. मात्र फवारणी बंद. ऐतिहासिक विजय. हिला सांगितलं तेव्हा हसली असावी. पाठमोरी होती.

५ एप्रिल
वेचणीला सुरुवात. बादलीत साबणाचं पाणी, हातात चिमटा. पूर्णपणे विषमुक्त पद्धत. बारक्या अळ्या पक्ष्याची शीट पडावी तशा दिसतात, फसायला होतं. मी फसत नाही.

८ एप्रिल
मोठ्या अळ्या हिरव्या. डिवचलं की डोक्यातून लाल शिंगं काढतात आणि घाणेरडा वास सोडतात. असल्या राक्षसांच्या शेजारी फुलपाखरं यायची कशी? बिचारी घाबरत असणार.

११ एप्रिल
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, पण अळ्या म्हणजेच... मी म्हटलं, विषय माझा आहे, मध्ये बोलू नकोस. ती म्हणाली, आईला द्या. ही झोपली होती. मोहिमेला विरोध आधी घरातूनच होतो.

१९ एप्रिल
झाड हिरवंगार. पान न् पान शाबूत. फुलपाखरू एकही नाही. वेळ लागतो. ही वरून बघत असते. तिसऱ्या मजल्यावरून बादली दिसते, आतलं दिसत नाही. हल्ली खिडकीशी बसण्याआधी केस विंचरते. मला आनंद व्हायला हवा होता. होईल.

२० ते २५ एप्रिल
लिहायचा कंटाळा. वेचणी चालू.

२७ एप्रिल
आलं! काळं-पिवळं, चांगलं मोठं. हिने वरून हाक मारली, अहो, मागे बघा, मागे. आवाज पूर्वीसारखा. ते पानापानाला पोट टेकवत फिरलं आणि गेलं. मग पाहतो तर पानांवर पिवळे ठिपके करून ठेवलेले. पाहुण्याने घाण केली म्हणून आपण बोलत नाही. ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले. झाड पुन्हा स्वच्छ. आता त्याचे भाऊबंद येतील.

२ मे
भाऊबंद आले नाहीत. वाऱ्याची दिशा वगैरे असेल. अळ्याही जवळजवळ संपल्या. म्हणजे निम्मं काम झालंच की.

६ मे
ही आज कठडा धरून खाली आली. पडल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली, ते झाड आता जवळून बघायचंय. मी आधी बादली दाखवली. शेवटच्या दोन-तीन होत्या. बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, अहो, यांचीच होतात ती.

मी म्हटलं, कोणाची कोण? तिने सांगितलं. मी म्हणालो, सगळ्यांचीच काही होत नसतील. मग तिने विचारलं, परवाच्या त्या फुलपाखराने अंडी घातली असतील ना, पिवळी, बारीक? मी म्हणालो, पुसली.

रागावली नाही. रागावली असती तर मला भांडता आलं असतं. छातीत काहीतरी व्हायला पाहिजे असं वाटलं, थोडं थांबलो, झालं नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. म्हणाले, झाड काय चकाचक ठेवलंय, मागच्या बागेतली पण तुम्हीच घ्या की. मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

ही तोवर जिन्याकडे वळली होती. एकटीच वर गेली. हात द्यायचा राहिला.