कोटांच्या कपाटातली कलमं

मी, लतिका कुमार केळशीकर, निवृत्त अभियंता, राहणार नोव्हाय, मिशिगन, हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारं घरात कोणी उरलेलंही नाही. नवरा कुमार हयात असताना आम्ही दोघांनी मिळून केलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा मिहीर याला. तो तिकडे वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूहून परत येणार नाही, हे मला माहीत आहे. घर त्याने खुशाल विकावं.

२. दागिने आणि शिवणयंत्र भाची सलोनीला. मात्र तळघरातल्या कोटांच्या कपाटाला तिने हात लावू नये. तिथे गांजाची झाडं आहेत. या राज्यात मला ती घरी लावता येतात, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे; सलोनी वर्क व्हिसावर आहे, ती त्यापायी अडचणीत येईल.

३. कपाटाबद्दल इथल्या महाराष्ट्र मंडळात बरंच बोलून झालं आहे, म्हणून खरं काय ते लिहिते. कुमारला कॅन्सर झाला. औषधांनी त्याच्या पोटात अन्न ठरेना. डॉक्टरांना विचारून मी गांजाच्या बिया लावल्या; त्याच्या फुलांनी मळमळ थांबते, अन्न जातं. पहिल्या खेपेला सगळी झाडं एकदम लावली आणि एकदम कापली. फुलं संपली तेव्हा पुढची रोपं जेमतेम वर आली होती. मधले आठवडे कुमारने भिंतीकडे तोंड करून काढले.

गाड्यांच्या सुट्या भागांचं वेळापत्रक लावण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. घरात पुन्हा खंड पडू दिला नाही. एक झाड फुलू न देता मातृरोप म्हणून कपाटात राखलं. शेजारी उभारलेल्या, दिवे टांगलेल्या कापडी तंबूतली झाडं फुलोऱ्यात अर्ध्यावर आली की मातृरोपाचे शेंडे कापून कलमं करायची. तंबू रिकामा होईतो ती मूळ धरून तयार होतात. घाई केली तर एवढ्याशा कपाटात दिव्याला टेकतात. उशीर केला तर माणूस ताटकळतो.

४. मातृरोप, तंबू, दिवे आणि कात्र्या चंद्रशेखर वैशंपायन यांना, कायद्याने चालेल तसं. हे कुमारचे जुने मित्र. गणपतीच्या पंगतीत, सगळ्यांदेखत, मी नवऱ्याला गंजेडी करते आहे असं ते म्हणाले. पुढे कुमारला भेटायलाही आले नाहीत. तो गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या दारात बर्फाच्या बुटांनिशी उभे राहिले. त्यांची पत्नी रेखा हिलाही कॅन्सर झाला होता.

"लतिकावहिनी, तिला काही खाववत नाही," एवढंच म्हणाले.

मातृरोप तेवढं मी जगवलं होतं. त्यांना आत घेतलं. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पंगतीतलं बोलणं मी विसरलेले नाही, हे नोंदवून ठेवते. आता कलमं तेच करतात, मी खुर्चीत बसून बघते. त्यांचा हात चांगला बसला आहे.

५. मिहीर फोनवर म्हणतो, "आई, बाबा इज गॉन. जस्ट स्टॉप." बाळा, मी थकले आहे. पाण्याची बादली उचलवत नाही. बंद करायचं कितीदा ठरवलं, पण प्रत्येक वेळी एक तुकडी फुलोऱ्यात असते आणि दुसरी मुळं धरत असते. थांबायला जागाच सापडत नाही.

६. म्हणून माझ्यामागे पुढची कलमं घ्यायची की नाही, हे रेखाने ठरवावं. चंद्रशेखर यांनी तिला दर खेपेला विचारावं. ती नको म्हणाली तर समजूत घालू नये, रागावू नये. कुमार मला म्हणाला होता, "लतिका, आता पुरे." तेव्हा शेंडे कापण्याजोगे झाले होते. मी कात्री खाली ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.

वरील सर्व वाचून, समजून सही केली आहे. अंमलबजावणी मिहीरने करावी.

लतिका कुमार केळशीकर

आमच्यासमोर सही झाली. यातलं आम्हा दोघांना काही मिळायचं नाही:
प्रीता सावरगावकर, शेजारीण
सिद्धेश नाडकर्णी, ॲन आर्बर

नोव्हाय, ११ फेब्रुवारी २०२५