पहिले पंधरा हजार आपले

४ जून २००६
मेडिक्लेम घेतला. एजंट भावेश आमच्या मोखाड्याच्या ऑफिसात आला होता. आजारपणाचे पहिले पंधरा हजार आपण भरायचे, वरचे कंपनीने. असं कबूल केलं तर हप्ता सहाशेने कमी. याला डिडक्टिबल म्हणतात. बाकीचे क्लार्क बिचकले. मी सही ठोकली. डोकं लागतं.
संकल्प: या घरात किरकोळ आजार बंद.

१६ जुलै
साखरशेतला सासुरवाडीच्या आवणीला, भात लावायला गेलो. हर्षदाला दाखवायला चिखलात उतरलो. उजव्या पायाच्या अंगठ्यात करवंदीचा काटा. सासूबाई म्हणाल्या, जावय, रुईचा चीक लावा, काटा बाहेर निघंल. नको म्हणालो. मेडिक्लेमवाल्या माणसाने चीक लावायचा म्हणजे हद्द झाली.

२१ जुलै
अंगठा टम्म. हर्षदा म्हणते, अहो, इथलाच डॉक्टर पन्नास रुपयांत काढून देईल. तिला डिडक्टिबल समजावलं. ते पन्नास आपल्याच खिशातले जाणार. ती म्हणाली, पायही आपलाच आहे.

२९ जुलै
ठणका. रंग काळपट. रजा टाकली. आजार आता कुठे आकाराला येतोय. मध्येच डॉक्टर गाठून नुकसान कोण करून घेईल?

३ ऑगस्ट
सणकून ताप. हर्षदाने मला न विचारता जीप ठरवली. नाशिकला अ‍ॅडमिट. शुगरही निघाली. ऑपरेशन लगेच करायचं म्हणतात. डॉक्टर खर्चाचं जरा चाचरत बोलत होते. मीच धीर दिला, पंधराच्या वर जाऊ द्या. टीव्हीवाली स्वतंत्र खोली घेतली. असतील त्या सगळ्या तपासण्या करा म्हणालो. हर्षदा बाहेर बाकावर रडत बसली होती. तिला हिशेब कधी कळलाच नाही.

११ ऑगस्ट
बिल सतरा हजार तीनशे. जिंकलो. कंपनीकडून तेवीसशे येणार. भावेशला फोन केला. तो अंगठ्याचंच विचारत बसला. म्हटलं, काढावा लागला, पण मुद्दा तो नाही.

४ सप्टेंबर
आज ऑफिसला निघालो. अंगठा नसला की चप्पल पायात राहत नाही. बस स्टँडपर्यंत दोनदा निसटली. दुसऱ्यांदा चार लोकांसमोर हर्षदाने वाकून ती माझ्या पायात घातली. फार लाज वाटली. स्टँडवरूनच भावेशला फोन करून विचारलं, पॉलिसीत बूट बसतात का.
बसत नाहीत.