गच्चीवरचे गोटे

प्रिय भाऊजी,

तुम्हांला आणि जाऊबाईंना माझे आशीर्वाद. (वयाने मोठी म्हणून देते, तुम्ही ते कमावलेत असा अर्थ काढू नका.) तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला? बागेतली नवी वाट झकास झाली असेल. तिच्यावरून रोज चालत जा, गुडघ्याला चांगलं.

तुमचं पत्र मिळालं. आपल्या इमारतीची गच्ची कुजली आहे, सगळं उखडून पत्रे ठोकू आणि वरच्या मजल्यावरचं माझं मुलांचं वाचनालय बंद करून ती जागा गोदामाला देऊ, हा तुमचा बेत मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा सापडेना म्हणून नीट दिसला नाही, दुसऱ्यांदा दिसला पण विश्वास बसेना. विचारल्याशिवाय बोलू नये, असं कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हांला शिकवलंय. पण तुम्ही पत्राच्या शेवटी 'तुमचं मत कळवा' असं लिहायची चूक केलीत. जो गृहस्थ गुडघ्याचं निमित्त सांगून गच्चीचा जिना कधी चढला नाही, त्याने गच्ची कुजली म्हणावं? पुस्तकांच्या एका कपाटावर थेंब पडायचे, हे खरं. पण शिंक आली म्हणून कोणी नाक कापून पत्र्याचं बसवत नाही.

मी सरळ छपरं तपासणाऱ्या एका बाईंना बोलावलं. मदतीला म्हणून मी खोरं घेऊन वर गेले, तर त्या म्हणाल्या, "आजी, ते खोरं आधी खाली ठेवा." (आजी! तिचे स्वतःचे केस निम्मे पांढरे.) खोऱ्याने खालची चादर फाटते म्हणे. गुडघे टेकून त्या गच्चीभर पसरलेले गोटे हातांनी बाजूला करत बसल्या. भाऊजी, बांधणाऱ्याने आळसाने टाकून दिलेला कचरा म्हणून आपण ज्यांना इतकी वर्षं नावं ठेवली, तेच गोटे आपली गच्ची धरून आहेत. खालची काळी रबराची चादर चिकटवलेलीच नाही. नुसती अंथरलेली आहे आणि गोट्यांच्या वजनाने जागेवर राहते. कोपऱ्यांवर वारा जास्त, तिथले गोटे थोडेफार सरकतात. पण आपले कोपरे साफ बोडके! मी वाऱ्याला दोष द्यायला गेले, तर बाई म्हणाल्या, "वाऱ्याला जिना उतरता येत नाही, आजी."

मग मी जिना उतरून आपल्याच इमारतीतल्या खालच्या दुकानांत गेले. फुलवाल्याच्या कुंड्यांत आपले गोटे. शिंप्याच्या टेबलावर कापड दाबायला आपले गोटे. दंतवैद्यांच्या काचेच्या टाकीत मासे आपल्या गोट्यांवर लोळत होते! वर ते मला म्हणतात, "ते दगड फुकटचेच होते ना?" मी म्हटलं, "तुमच्या खुर्चीत माणूस तोंड उघडून बसतो, म्हणून त्याचे दात फुकटचे होतात का?" रविवारी सगळ्यांना बादल्या घेऊन जिन्यात रांगेत उभं केलं. (रांग लावणं मला येतं. सिस्टरची कृपा.) दंतवैद्यांनी बादली एकाच जागी उपडी केली, तशा बाई कडाडल्या, "ढीग नको! सारखे पसरा, छताला भार होतो!" त्या सद्गृहस्थांना कोणी तरी ओरडलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

पाणी जायच्या जाळीत पालापाचोळा आणि हातभर वाढलेलं एक रोपटं होतं, ते निघालं. एका फुटक्या दगडाच्या धारेने चादरीला भोक पडलं होतं, त्यावर ठिगळ बसलं. ते भोक होतं जिन्याजवळ आणि थेंब पडायचे कपाटावर. पाणी एकीकडे शिरतं आणि दुसरीकडे टपकतं म्हणे. (आपल्या घरातल्या भांडणांसारखंच.) परवा धो धो पाऊस झाला. कपाटाखालची बादली कोरडी राहिली आणि मुलांनी तिच्यात रंगीत खडू ठेवले. वाऱ्याचे दिवस यायच्या आत वजन पूर्ण झालं आणि वर्षातून दोनदा कोणी वर डोकावलं, तर ही चादर अजून कित्येक वर्षं टिकेल, असं बाईंनी लेखी दिलंय.

आता वाचनालयावरचा फक्त एक कोपरा उघडा आहे. रस्त्याची धारदार खडी तिथे चालत नाही, गुळगुळीत गोटेच लागतात. तेवढे जमतील, अशी मला पूर्ण आशा आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. : गेल्या वर्षी तुम्ही टेम्पो आणलात, "वहिनी, तुमच्या गच्चीवरचा कचरा नेतो," म्हणालात आणि हमाल गोटे उतरवत असताना खाली बसून माझा चहा प्यायलात. तुमची बागेतली वाट म्हणजे माझा कोपरा आहे. शनिवारी टेम्पो पाठवतेय. गोटे धुऊन ठेवा, फुटके वेगळे काढा. तुम्हीही बसून या. वाचनालय बंद करायचं असेल, तर मुलांना ते तुमच्या तोंडून सांगा.

आणखी एक : जाऊबाईंना मी गेल्या आठवड्यातच फोन केला. त्यांचा खोकला उत्तम आहे. तुम्ही दुपारी आडवे झालात की त्या पोती भरतात. तेव्हा जपून चाला. फाटकाकडून तुमची वाट निम्मी संपली आहे.