चुकल्या खाटेवरची प्रार्थना

प्रिय शैलाआत्या,

कोलकात्याहून तुमच्या विनीताचा सलाम. गुडघे काय म्हणतात? नगरच्या महिला मंडळाला अजून तुमचा धाक आहे ना? इथे प्रभुकृपेने सगळं ठीक आहे. म्हणजे हर्षद ठीक आहे, त्याची बँक ठीक आहे, बिघडले आहे ती मी. (टाइप केलेल्याला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून हाताने लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. अक्षराला हसू नका.)

मुद्दा एवढाच की मला सोडवा. आमची इथली मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे फोर्ट विल्यममधली काही फौजी कुटुंबं, आमच्यासारखे बदलीवाले आणि जवळच्या बजबज गावाहून येणारे आमचे सेक्रेटरी, शरदकाका साळवे. या काकांनी आजाऱ्यांच्या भेटीची सेवा माझ्या गळ्यात घातली. कारण काय, तर मी पाळकांची नात! आता आजोबा सर्जन असते तर यांनी माझ्या हातात सुरी दिली असती का? चारचौघांत प्रार्थना करायची म्हटली की माझी बोबडी वळते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? जड जिभेचं निमित्त मोशेनेही सांगितलं होतं. पण त्याच्या वतीने बोलायला त्याला भाऊ अहरोन मिळाला. मला हर्षद मिळाला, जो 'आमेन'सुद्धा माझ्याकडे बघून म्हणतो.

पहिलीच भेट पुष्पाकाकूंची. (सुभेदार भोसल्यांची आई. गावाहून लेकाकडे आल्या आणि पित्ताशयातले खडे घेऊन थेट इस्पितळात.) मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आठवडाभर एक लांबलचक प्रार्थना घोकली, त्यापायी दोनदा भात करपला. काल भेटीच्या वेळेला वॉर्डात शिरले, तर खिडकीपाशी एक म्हातारी बाई, डोक्यावर पदर, चेहरा दुःखी. आणखी काय पाहिजे? धीर सुटायच्या आत तिचा हात धरला, डोळे मिटले आणि सुरू झाले. पुष्पाकाकूंच्या पित्ताशयावर, सर्जनच्या हातांवर, झालंच तर भोसल्यांच्या नातवंडा-पतवंडांवर (पतवंडं अजून व्हायची आहेत) कृपा मागितली. अशी ओघवती प्रार्थना आजोबांनीही केली नसेल. आमेन म्हणून डोळे उघडते, तो बाईंचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला! बाई बंगाली. एक अक्षर कळलेलं नाही, पण खूश इतक्या की संदेश मिठाईचा डबा पुढे करून म्हणाल्या, "आबार एशो, मा." पुन्हा ये म्हणे!

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "फार छान झाली गं. म्हणून मधे बोलले नाही. आता इकडे ये, पुष्पा मी."

आत्या, सगळी प्रार्थना त्या पायावर खर्ची पडली होती! काकूंचा हात धरला तर तो थंडगार. मला एक ओळ आठवेना. शेवटी म्हणाले, "काकू, मला भीती वाटते हो." त्या हळूच म्हणाल्या, "मलाही. परवा ऑपरेशन आहे. लेकाला सांगवत नाही, फौजी आहे तो." मग मी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, आम्हा दोघींना भीती वाटते आहे. सोबत राहा." संपलं. याला काय प्रार्थना म्हणतात? काकूंनी आमेन म्हटलं आणि भेटीची वेळ संपेपर्यंत हात सोडला नाही. मला रडूच आवरेना. सांत्वन करायला गेलेली मी, आणि डोळे पुसायला पदर काकूंचा.

तेव्हा कृपा करून शरदकाकांना फोन करा आणि सांगा की मुलगी या कामाला अगदी नालायक आहे. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत.

तुमची घाबरट भाची,
विनीता

ता. क. फोन राहू द्या. हर्षदने मला न विचारता काकांना सांगून टाकलं, आणि काका लगेच कबूल! म्हणाले, "बरोबर आहे, विनीताला नाही झेपायचं. उद्यापासून अमृता जाईल." मी नालायक आहे हे मी म्हणायचं, आत्या. त्यांनी इतक्या चटकन मान्य करायचं काय कारण?

ता. ता. क. फोन कराच, आणि आत्ताच करा. उद्या सकाळी काकूंना आत नेणार आहेत. आमच्या मंडळीतली ही अमृता प्रार्थना फार सुरेख करते, माझ्या दसपट. पण तिला भीती कशी ती माहीत नाही. मग काकूंच्या जोडीने घाबरायचं कुणी?