लायलच्या अंगणातली पाटी

शनिवार, ५ ऑक्टोबर
हरले. एक्केचाळीस-तीन. ते तीनसुद्धा एका किकचे, वाऱ्याच्या कृपेने.

मी बातमीत लिहिलं, ‘कॉलेजच्या फुटबॉल संघाने शेवटपर्यंत चिकाटी सोडली नाही.’ या एका वाक्यावर माझा वार्ताहराचा संसार चाललाय.

मैदानाबाहेर पडताना माणसं ओळीने लायलच्या खांद्यावर हात ठेवत होती — स्मशानातून परतल्यासारखी. ‘पुढच्या शनिवारी, कोच.’ तो मान हलवतो. उंच, पाठ ताठ, टोपी हातात. हरतानाही देखणा दिसतो. हे नियमात बसत नसावं.

माझ्याही खांद्यावर एकाने हात ठेवला. त्याला पुढे जायचं होतं.

रविवार, ६ ऑक्टोबर
चर्चनंतर सासरे जेवायला. आर्विड — वय शहाऐंशी, कॉलेजच्या जुन्या संघातले, आता माजी खेळाडूंच्या मंडळाचे अध्यक्ष. ताटावर बसले आणि पहिलं वाक्य : ‘पोरगं दमलंय.’

पोरगं म्हणजे लायल टॉर्गर्सन, वय त्रेपन्न. त्याला ते ‘पोरा’ म्हणतात. मी त्यांचा जावई, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, कारिनचा नवरा, लग्नाला चोवीस वर्षं झाली — मी ‘मिस्टर डिग’. दिगंबरचं डिग झालं ते सोसलं. मिस्टर अजून टोचतं.

कारिनने हॉटडिश केला होता. खिमा, वर मश्रूमच्या सुपाचा थर, वर बटाट्याच्या गोळ्या, खरपूस. मी काटा उचलला. ‘तो नाही,’ ती म्हणाली, आणि फॉइल गुंडाळून गाडीत ठेवला. लायलसाठी!

या गावात हॉटडिश जातो तो मयताच्या घरी, नाहीतर ऑपरेशनच्या. आता पराभवालाही जायला लागला. कॉलेजने माझा संस्कृतचा वर्ग बंद केला तेव्हा एक बटाटासुद्धा कुणी आणला नव्हता. तीन विद्यार्थी होते. तिघेही पास व्हायचे. या माणसाचे साठ विद्यार्थी दर शनिवारी नापास होतात, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात.

बुधवार, ९ ऑक्टोबर
मर्ना — आमच्या साप्ताहिकाची संपादक — म्हणाली, ‘हंगाम संपताना एक लेख हवा. लायल राहावा की जावा. तुझ्या नावाने, पहिल्या पानावर. कॉलेजचा अध्यक्ष तुझं वाचतो, डिग.’

जावा. कारणं चोख आहेत : चार वर्षांत जेमतेम पाच विजय, बचाव म्हणजे उघडं फाटक. पण लिहायला बसलो की प्रत्येक कारणामागून हॉटडिशचा वास येतो. षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटचा. लहानपणी पाठ म्हणताना मी नेहमी पाचवर थांबायचो. तोच नेमका राहिला अंगात.

सोमवार, १४ ऑक्टोबर
लायलच्या अंगणात पाटी आली!

इथली जुनी रीत. कोच हरायला लागला की कुणीतरी अंधारात त्याच्या गवतात ‘घर विकणे आहे’ची पाटी रोवून जातं. अर्थ : सामान बांध. आणि पाट्या येतात कुठून, तर आमच्या गराजमधून. कारिन घरं विकते. तिच्या पाट्यांचा गठ्ठा भिंतीला टेकून असतो. आधीच्या कोचच्या वेळी अर्धा गठ्ठा पोरांनी पळवला होता.

म्हणजे पाटीवर कारिनचा फोटो आहे. माझी बायको चोवीस तास लायलच्या खिडकीकडे बघून हसते आहे.

तिला सांगितलं. ‘हं,’ एवढंच. संतापली नाही. टोस्टला लोणी लावत राहिली.

सासऱ्यांचा मात्र चेहरा पडला. संध्याकाळी येऊन आमच्या गराजला नवं कुलूप बसवून गेले. दोन किल्ल्या : एक कारिनला, एक स्वतःला. मी हात पुढे केला. ‘तू हरवशील, मिस्टर डिग.’

बुधवार, १६ ऑक्टोबर
पाटीने गाव विरघळलं. लायलच्या पायरीवर हॉटडिशची रांग. बेकरीवाली म्हणते, ‘इतका भला माणूस, आणि त्याच्याशी असं वागायचं!’ पाटी येण्याच्या आदल्या दिवशी हीच बाई त्याला काढा म्हणत होती.

आणि तो काय करतो? पाटी उपटत नाही. सकाळी बाहेर आला, दाताळं घेतलं, आणि पाटीभोवतीची पानं व्यवस्थित गोळा केली. पाटी जरा तिरकी झाली होती, ती सरळ केली! गल्लीतले लोक डोळे पुसत होते म्हणे. धीरोदात्त नायकाची सगळी लक्षणं. मी विदूषक, नाटकात एवढीच जागा उरली होती.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
आज मी पाटी उपटली.

पहाटे फिरायला गेलो होतो. गल्लीत कुणी नव्हतं. उपटली आणि काखेत मारून घरी आणली. पाहिलं असतं कुणी तर म्हणालं असतं, बघा, किती सज्जन. सज्जनपणा नव्हे. पाटी आहे तोवर सहानुभूती आहे. झरा बुजवला की झालं.

गराजला कुलूप, किल्ली नाही. मागच्या बाजूला उलटी ठेवलेली होडी आहे, तिच्या ताडपत्रीखाली सारली. कारिन खालून हसतेय.

रविवार, २० ऑक्टोबर
काल हरले. आज पाटी परत! नवीकोरी. म्हणजे पोरांनी कुलूपही उघडलं. सासऱ्यांना म्हटलं, कुलूप काही उपयोगाचं दिसत नाही. त्यांनी बटाटे मागितले.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
दुसरी उपटली. होडीखाली.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
कारिन हल्ली फोन घेऊन पोर्चवर जाते. थंडीत. काचेतून ओठ दिसतात. एकदा ‘लायल, धीर धर’ असं स्पष्ट दिसलं. ओठ वाचण्याची विद्या मला खेळाडूंमुळे आलीय. घरी लागेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी तिची गाडी त्याच्या दारात. मी समोरच्या वाचनालयात जुने अंक चाळत होतो — निव्वळ योगायोग, असं इथे लिहिण्यात अर्थ नाही. ती आत चांगला तासभर होती. घरी आली ती दालचिनीच्या बिस्किटांचा वास घेऊन.

विचारलं.

‘त्याच्याकडे भाजली,’ ती म्हणाली.

‘आपल्याकडे ओव्हन आहे.’

‘घरभर वास पसरायला हवा होता.’

कुणाच्या घरभर, का — पुढे विचारवलं नाही. खिशातून एक बिस्किट काढून मला दिलं. कडेला करपलेलं.

रविवार, २७ ऑक्टोबर
बैठकीतला पिवळा दिवा गायब. आमच्या लग्नात तिच्या मावशीने दिलेला. फिरून येताना दिसला — लायलच्या खिडकीत.

जेवताना म्हटलं, ‘दिवा कुठाय?’

‘लायलकडे. त्याची बैठक अंधारी आहे.’

‘त्याला दिवा विकत मिळत नाही?’

‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, दिगंबर.’

पूर्ण नाव घेतलं, म्हणजे विषय संपला. मी तिला सरळच विचारलं, शाळेत असताना तुमचं काही होतं का. ती हसली. ‘एकदा नाचलो होतो. त्याने माझ्या पायावर पाय दिला. सबंध गाणंभर सॉरी म्हणत होता, पण पाय काढला नाही. त्याला नको असलेल्या जागेवरून हलता येत नाही, हा त्याचा जुनाच घोटाळा आहे.’

मला हे सबंध गाणंभर आवडलं नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर
तिसरी पाटी. आणली. मध्ये दोनदा गेलो तर पाटी आधीच नाहीशी. उपटणारा दुसराही कुणी आहे तर. गावात मत्सरी एकटा मीच नाही, बरं वाटलं.

रविवार, ३ नोव्हेंबर
लेख लिहिला. ‘जावा.’ स्वच्छ, मोजका, एकही विशेषण नाही. मर्नाने वाचून उलटा ठेवला. ‘खरं आहे सगळं. पण या पाटीच्या भानगडीनंतर छापलं तर लोक आपली खिडकी फोडतील. थांब जरा.’

शनिवार, ९ नोव्हेंबर
हरले. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. आणि नंतर जेवणाच्या हॉलमध्ये कॉलेजचे अध्यक्ष उठून उभे राहिले. ‘अंधारात पाट्या रोवणाऱ्यांपुढे हे कॉलेज झुकणार नाही. लायल टॉर्गर्सन पुढची तीन वर्षं आपलाच कोच राहील.’

तीन वर्षं! हॉल उभा राहिला. सासरे रडत होते. व्यासपीठापर्यंत चालत गेले, गुडघे धरत, आणि त्याला मिठी मारली. ‘कुठे जायचं नाही, पोरा.’ लायल पांढरा पडला. ओठ हलले, आवाज आला नाही. मी लिहून घेतलं, ‘आनंदाने शब्द फुटेना.’

कारिन टाळ्या वाजवत नव्हती. तिचं एकटीचं लक्ष दाराकडे होतं.

घरी येऊन चौथी पाटी होडीखाली सारली. आता तिचा उपयोगही नव्हता. सवय.

रविवार, १७ नोव्हेंबर
बर्फ येणार म्हणून कारिन होडी झाकायला मागे गेली. मी खिडकीतून पाहिलं. ताडपत्री उचलली. थांबली.

मी बाहेर गेलो. गवतावर चार कारिना ओळीने माझ्याकडे बघून हसत होत्या. पाचवी हसत नव्हती.

‘पोरांनी पळवल्या होत्या,’ मी म्हटलं. ‘मी परत आणल्या.’

‘कुठल्या पोरांनी? मी रोवल्या.’

मला वाटतं मी ‘का’ एवढं म्हणालो.

‘कारण घर विकायला आहे. पहिल्या दिवसापासून.’

मग ती होडीवर बसली आणि सगळं सांगितलं. लायलला उत्तरेकडे एका शाळेत नोकरी मिळालीय — भूमिती शिकवायची. फुटबॉल नाही. त्याला गेली दोन वर्षं सोडायचंय. पण हे आर्विडच्या तोंडावर बोलायचं कसं? या लोकांना घराला आग लागली तर शेजाऱ्याला उठवताना संकोच होतो. त्याने विचार केला, अंगणात पाटी लावू. लोक वाचतील. मग कुणाला काही सांगावं लागणार नाही.

बिस्किटांचा वास घर बघायला येणाऱ्यांना भुलवायला. दिवाही.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘गिऱ्हाइकाची गोष्ट मी घरात बोलत नाही. त्यातून तू पेपरवाला.’ मग पाटीकडे बोट दाखवत, ‘आणि अक्षरं हातभर होती, दिगंबर. लाल.’

फार्गोहून घर बघायला आलेलं एक जोडपं त्या गल्लीत दोनदा फिरून परत गेलं. पाटी सापडली नाही. लायल अध्यक्षांना नाही म्हणू शकला नाही, आणि शाळेला या आठवड्यात उत्तर हवंय. काल तिच्याशी बोलताना तो म्हणाला, ‘राहतो मग. लोकांनी इतकं केलंय.’

म्हणजे साऱ्या गावात लायल जावा असं मनापासून वाटणारा एकच माणूस होता — मी. आणि त्याला इथे डांबून ठेवलं तेही त्यानेच — दर पहाटे उठून, स्वतःच्या हाताने.

कारिन पाट्या मोजत होती. ‘मी याहून जास्त लावल्या होत्या. बाकीच्या कुठे आहेत?’

मला खरंच माहीत नव्हतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर
सासऱ्यांना सांगायला मीच गेलो. लायलला ते जमणार नव्हतं, आणि देणं माझं होतं. ते मला तळघरात घेऊन गेले. भट्टीशेजारी उरलेल्या पाट्या, भिंतीकडे तोंड करून.

‘कुलूप मी बसवलं होतं,’ म्हणाले. ‘किल्ली माझ्याकडे आणि तिच्याकडे. पोरं शिरतील कुठून? कुलपानंतरही पाटी आली तेव्हाच कळलं होतं, ती खरी आहे.’ मग, ‘तूही काढत होतास? का?’

मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. एक पाटी मला दिली, हातोडा स्वतः घेतला.

जमीन गोठली होती. लायल पायरीवर येऊन उभा राहिला, टोपी हातात. मी खांब धरला, सासऱ्यांनी हातोडा उगारला.

‘सरळ धर, पोरा.’

लायलने आणि मी, दोघांनीही मान वर केली.